खरी कमाई: घरोघरची कामे की रद्दी संकलन?

शाळेचे स्काउट-गाईड पथक किंवा सोसायटीतील मुले एखाद्या संस्थेसाठी निधी उभारायला निघाली की मार्ग बहुधा दोनच उरतात. घरोघर जाऊन गाड्या धुणे, माळे आवरणे, बागेतील तण काढणे अशी कामे करून मोबदला घ्यायचा, नाहीतर रद्दी गोळा करून विकायची. खाद्यपदार्थांचे स्टॉल मी येथे धरलेले नाहीत. त्यांत पदार्थ आया करतात, विकत बाबा घेतात आणि कमाई मात्र मुलांच्या नावावर लागते.

‘खरी कमाई’च्या, म्हणजे मुलांनी स्वतः राबून निधी मिळवण्याच्या, मूळ कल्पनेला घरोघरची कामे अधिक जवळची आहेत, हे मान्यच केले पाहिजे. ब्रिटनमधील स्काउटांनी १९४९ मध्ये एका कामाला एक शिलिंग या हिशेबाने असाच उपक्रम सुरू केला होता. यात मुलांची भीड चेपते, शिवाय रक्कमही बहुधा अधिक जमते.

तरीही दोन्ही प्रकार करून पाहिल्यावर एक गोष्ट मला फार खटकली. दार उघडणाऱ्या काकू गणवेश पाहतात, आत जाऊन पन्नासाची नोट आणतात आणि म्हणतात, “काम राहू दे रे बाळांनो, हे घ्या.” मुलांनी आग्रह धरलाच, तर सरबत मिळते, झाडू मिळत नाही. दुसऱ्याच्या मुलाला राबवून घेणे आपल्याकडे अवघड वाटते, त्यामुळे काकूंना बोल लावण्यात अर्थ नाही; पण संध्याकाळी डब्यात जे साठते ती कमाई नसते, वर्गणी असते.

रद्दी देताना हा संकोच कोणालाच होत नाही. गठ्ठे जिन्यावरून उतरवायचे, वर्तमानपत्रे, वह्या आणि पुठ्ठा वेगळा करायचा (एकत्र दिल्यास दुकानदार सगळ्याला पुठ्ठ्याचा भाव लावू पाहतो), स्पायरलच्या तारा ओढून काढायच्या, हे सारे मुलांनाच करावे लागते. आमच्या पथकातील एका मुलीने काट्यापाशी उभे राहून “काका, आधी रिकामी गोणी मोजून दाखवा,” असे म्हटले, तेव्हा माझा कल बराचसा ठरून गेला.

रद्दीचीही एक अडचण आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते. ज्यांचे पोट कागदावर आणि भंगारावर चालते, त्यांच्या वाट्याचा माल मुलांनी उचलणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. म्हणून आम्ही घरात वर्षभर साचलेल्या वह्या-पुस्तकांवर आणि जुन्या अंकांवर थांबतो, बाटल्या-पत्र्याला हात लावत नाही.

आपल्या भागात एकटे राहणारे वृद्ध अधिक असतील आणि त्यांना माळा आवरून देणारे कोणी खरोखरच हवे असेल, तर माझे मत बाजूला ठेवून घरोघरची कामेच घ्यावीत. रद्दी ठरली, तर वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचा आठवडा गाठावा आणि जिन्याखाली कोरडी जागा आधी पाहून ठेवावी, कारण एका वळवाच्या सरीत भिजलेल्या गठ्ठ्याला कोणी भाव देत नाही.