सीआरएम अकरा महिने वापरून: पैसे वसूल, पण एका शून्याने जीव नकोसा केला

मागच्या मंगळवारी विश्रामबागच्या एक काकू दुकानात आल्या आणि काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. सकाळी 10 वाजता आमच्याकडून एकापाठोपाठ एक तीन मेसेज, 'आपल्या प्युरिफायरची सर्व्हिस ड्यू आहे.' एकावर त्यांचं नाव, एकावर मिस्टरांचं, तिसऱ्यावर 'आरओ काकू विश्रामबाग'. आणि सर्व्हिस तर माझ्या दिरांनी आदल्याच आठवड्यात करून दिली होती. "अगं, तुमच्याकडे कोणी लिहून ठेवतं की नाही?" काकूंनी विचारलं. नऊ वर्षांचं गिऱ्हाईक. मला उत्तर देता आलं नाही. त्याच दिवशी ठरवलं की हा अनुभव सविस्तर लिहायचा.

आमचं सांगलीत आरओ विक्री आणि सर्व्हिसचं दुकान आहे. ऑफिस मी बघते, दीर आणि कामाला ठेवलेली दोन मुलं फिरतीवर. साधारण 1,400 गिऱ्हाइकं, आधी तीन रजिस्टरांत आणि दिरांच्या फोनमध्ये विखुरलेली. ती सगळी सीआरएममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणाऱ्या आणि आठवणीचे मेसेज पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरली. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. डॅशबोर्ड, लीड, रिपोर्ट हे सगळीकडे असतंच, ते सांगत बसत नाही. चार युजरचे वर्षाचे पैसे एकरकमी भरले, वर 18 टक्के जीएसटी.

आता त्या शून्याबद्दल. रजिस्टरात नंबर नुसता दहा आकडी. दिरांच्या फोनमध्ये कुठे पुढे शून्य, कुठे +91. या सॉफ्टवेअरला हे तिन्ही वेगवेगळे नंबर वाटतात! 'मोबाइल नंबर पुन्हा येऊ देऊ नये' अशी सेटिंग आहे, ती मी पहिल्याच दिवशी चालू केली होती, पण पुढच्या शून्यापुढे तिचं काही चालत नाही. कस्टमर केअरला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की दुहेरी नोंदी एकत्र करायची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे. म्हणजे घोळ यांच्या सेटिंगचा आणि तो निस्तरायचे पैसे मी भरायचे. भारतातल्या दुकानदारांना विकताना +91 ओळखता येऊ नये, हे मला अजून पटत नाही.

शेवटी दोन रात्री बसून मीच निस्तरलं. सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवली, नंबरांमधल्या स्पेस काढल्या, राइट फॉर्म्युला लावून उजवीकडचे दहा आकडे तेवढे घेतले आणि त्यावरून दुहेरी नावं शोधली. 163 निघाली. तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर 91 लावलेला बारा आकडी नंबर 9.19 ई+11 असा काहीतरी दिसायला लागतो. आणि फाइल यूटीएफ-8 सीएसव्ही म्हणूनच सेव्ह करा. माझी पहिली फाइल साधी होती, सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसली.

एवढं बोलल्यावर हेही सांगायला हवं की पहिल्या तीन महिन्यांबद्दल माझं मत आता बदललं आहे. तेव्हा वाटायचं, मुलं आळशी आहेत, अॅप भरतच नाहीत. मग एकदा मुलासोबत कामावर गेले. ओट्याखाली वाकून कॅन्डल बदलायची, हात ओले, आणि फोनवर 22 रकाने भरायचे. कोण भरेल? त्या रविवारी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून काढलं की फोन कोण घेतं, दर कोण सांगतं, परत फोन कधी करायचा आणि तो कोणी. रकाने पाचच ठेवले: नाव, नंबर, मशीन कधी बसवलं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते), पुढची तारीख. सॉफ्टवेअरने दिलेले विक्रीचे आठ टप्पे काढून चार केले: चौकशी, पाणी तपासलं, दर सांगितला, बसवलं. मुलं आता जॉब कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतात आणि मी संध्याकाळी भरते. हे एक पान खरेदीच्या आधी लिहिलं असतं तर चार युजर घेतलेच नसते. झोहोचं सीआरएम तीन युजरपर्यंत मोफत मिळतं. आम्ही चौघं म्हणून मी ते सोडून दिलं होतं, आणि आता वापरणारे आम्ही दोघंच.

पैसे वसूल केले ते 'पुढची तारीख' या एका रकान्याने. मेम्ब्रेन, म्हणजे आरओमधला पाणी गाळणारा मुख्य पडदा, पाणी कसं आहे त्याप्रमाणे दोन-तीन वर्षं टिकतो, तोवर गिऱ्हाईक आपल्याला विसरतं आणि ज्याचा फोन आधी येईल त्याच्याकडून काम करून घेतं. पूर्वी मी व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्ट करायचे. एका यादीत 256 जण, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही. आता सकाळी आठ-दहा नावं समोर येतात, मी स्वतः फोन करते. कुपवाडच्या एका कारखान्याने जूनमध्ये दर विचारून 'दिवाळीनंतर बघू' म्हटलं होतं. माझ्या तर डोक्यातूनही गेलं होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नाव वर आलं, फोन केला, मोठा प्लांट बसवून आलो. वर्षाची फी त्यातच निघाली.

नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. कंपनीचा माणूस वरच्या प्लॅनसाठी दोनदा फोन करून झाला. त्याला सांगितलं, दोन युजर, हाच प्लॅन, आणि +91 चं काय ते आधी लेखी कळवा. सगळा डेटा मात्र एक्सेलमध्ये उतरवून घेऊन ठेवला आहे. काकूंच्या तीन नोंदींची एक केली, मिस्टरांचं नाव शेऱ्यात टाकलं, आणि त्यांच्या मेम्ब्रेनची तारीख त्यांच्यासमोरच भरली.