काळी स्क्रीन आणि व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह: पावसाळाभर वापरल्यानंतर

आधी निष्कर्षच सांगते. कॉम्प्युटर चालू होतोय, पंखा फिरतोय, कंपनीचा लोगोही येऊन जातो आणि पुढे स्क्रीन काळीठिक्कर, अशी वेळ आली तर मशीन दुकानात नेण्याआधी व्हेंटॉयचा (कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरूनच सुरू करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पेनड्राइव्ह लावून बघा. आत फाइली शाबूत आहेत की नाहीत, हे तासाभरात स्वतःच्या डोळ्यांनी कळतं.

नाशिकला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या बाजूला माझं टायपिंगचं काम आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसनोंदीचे अर्ज. शेजारच्या वकिलांची मशिनं अडली की तीही माझ्याच टेबलावर येतात. कोर्टाची तारीख उद्यावर असते, दाव्याचा मसुदा मशीनमध्ये अडकलेला असतो आणि दुकानातून पहिलं वाक्य ऐकू येतं, "फॉरमॅट मारावं लागेल." या वाक्याची मला मनापासून चीड आहे. काळी स्क्रीन म्हणजे डेटा गेला असं नसतं. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते, फक्त चित्र तुमच्यापर्यंत पोहोचत नसतं.

व्हेंटॉय २०२० पासून मोफत मिळतं. एरवी बूट होणारा, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर सुरू होतो असा, पेनड्राइव्ह बनवला की त्यावर एकच सिस्टिम बसते, दुसरी हवी असेल तर सगळं पुसून पुन्हा सुरुवात. व्हेंटॉय एकदा इन्स्टॉल केलं की (तेव्हा मात्र पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो) पुढे आयएसओ फाइली (अख्खी सिस्टिम एका फाइलीत असते त्या) नुसत्या कॉपी करायच्या. मशीन पेनड्राइव्हवरून सुरू केलं की त्यांची यादी समोर येते, हवी ती निवडायची. मी लिनक्स मिंट (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी, विंडोजसारखी मोफत सिस्टिम), विंडोजची आयएसओ आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस ठेवलंय. ३२ जीबीत हे सगळं आरामात मावतं. विंडोजची फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असल्याने फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती कॉपीच होत नाही. व्हेंटॉय एक्सफॅट वापरतं, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

पेनड्राइव्ह लावण्याआधीच्या दोन-चार गोष्टी पटकन सांगते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावायची असताना मदरबोर्डच्या पोर्टला लागलेली नाही ना, ते बघा. लॅपटॉप असेल तर अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. अक्षरं पुसट दिसली तर बॅकलाइट गेलाय, विंडोज बिचारं चालूच आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. काळ्या स्क्रीनवर माउसचा बाण हलत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजर उघडा आणि नवीन टास्कमध्ये एक्सप्लोरर डॉट ईएक्सई टाका. डेस्कटॉप परत येण्याची बरीच शक्यता असते.

एवढ्याने भागलं नाही तर पेनड्राइव्ह. डेल, लेनोव्हो, एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ दाबून बूट मेनू उघडतो. पेनड्राइव्ह निवडला की व्हेंटॉयची यादी दिसते का, याकडे नीट लक्ष द्या. माझ्या लेखी निम्मं निदान इथेच होतं. यादीच दिसली नाही आणि बायोसचाही (विंडोजच्या आधी येणाऱ्या, मशीनच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्याचाही) पत्ता नसेल तर विंडोजचा काहीही संबंध नाही, दोष हार्डवेअरमध्ये आहे. यादी दिसली, मिंट उघडलं, चित्र स्वच्छ आलं तर स्क्रीन, कार्ड, रॅम बहुधा काम करतंय आणि बिघाड बहुधा आतल्या विंडोजमध्ये आहे. यादी दिसते पण मिंटही काळं पडतं, तेव्हा मिंटच्या मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडायचा. त्यात कार्डाचा खास ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या पद्धतीने चित्र दाखवलं जातं. तिथे जमलं तर संशयाची सुई कार्डाकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे.

ऑगस्टमध्ये एका वकीलबाईंच्या ऑफिसात ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट होत असतानाच वीज गेली. नंतर लोगो यायचा आणि अंधार. मिंट लावलं, फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत त्यांची डी ड्राइव्ह दिसली. क्लिक केलं तर वर्षवार फोल्डर ओळीने उभे. "मॅडम, सगळं आहे," म्हटलं, तर त्या खुर्ची ओढून शेजारीच बसल्या आणि एकेक नाव वाचू लागल्या. आम्ही पहिल्यांदा सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलं. जुने मसुदे श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या फॉन्टमधले, म्हणून फॉन्टचं फोल्डरही घेतलं, नाहीतर उद्या दुसऱ्या मशीनवर ते वाचता आले नसते. मग त्याच पेनड्राइव्हवरून विंडोजची आयएसओ सुरू करून, इन्स्टॉलच्या वाटेला न जाता, रिपेअरमध्ये सिस्टिम रिस्टोअर केलं, म्हणजे विंडोज आधीच्या चांगल्या स्थितीला परत नेलं. आदल्या दिवसाचा रिस्टोअर पॉइंट होता, मशीन सुरू झालं. हा क्रम मी कधीच मोडत नाही: आधी डेटा बाहेर, मग दुरुस्ती.

दुसऱ्या एका जुन्या डेस्कटॉपवर यादीच येत नव्हती. रॅमची पट्टी काढून सोनेरी टोकांवर पांढरा खोडरबर फिरवला, पुन्हा घट्ट बसवली, चित्र आलं. पण मेमटेस्टवर लाल ओळी आल्या, तेव्हा पट्टी बदलूनच टाकली.

आता खटकलेलं. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर पहिल्या वेळी निळा पडदा येतो आणि एनरोल की फ्रॉम डिस्क करून चावी नोंदवावी लागते. नवख्या माणसाला इथे धडकी भरते, आणि हे सोपं करायला हवं होतं. वैतागून सिक्युअर बूट बंद करू नका. बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय) असेल तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की नसेल तर मिंटमधूनही ड्राइव्ह उघडत नाही, म्हणून आजच कागदावर उतरवून ठेवा. बिटलॉकरपुढे व्हेंटॉयचा काही इलाज चालत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे (त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही) विंडोजची ड्राइव्ह कधी कधी फक्त वाचण्यापुरती उघडते, पण कॉपी करायला तेवढं पुरतं. व्हेंटॉयच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) आधीच कंपाइल केलेल्या, म्हणजे आत काय आहे ते सहज वाचता न येणाऱ्या, काही फाइली आहेत, यावर जाणकारांनी आक्षेप घेतला आहे आणि तो मला रास्त वाटतो. म्हणून मी ते फक्त मूळ संकेतस्थळावरून घेते, एसएचए-२५६ (फाइल मूळचीच आहे हे तपासायचा कोड) जुळवून पाहते आणि पेनड्राइव्ह बचावाच्या कामापुरताच वापरते.

नवीन आवृत्ती आली की अपडेट करताना आयएसओ फाइली पुसल्या जात नाहीत, ही मोठी सोय. पेनड्राइव्ह मात्र यूएसबी ३ चा आणि खात्रीच्या दुकानातून घ्या. स्वस्तातल्या काहींवर छापलेली क्षमता खोटी असते आणि आयएसओ अर्धवट कॉपी होते. यूएसबी २ वर मिंट उघडायला इतका वेळ लागतो की मशीन अडकलं असंच वाटतं.