‘आवाज उघडून देतो’ म्हणाले आणि साडेचौदा हजार गेले

माझं व्हायोलिन फार भारी आहे असं मी म्हणणार नाही. पण ते मामांचं होतं, आणि त्याला बॉक्सवूडच्या पिवळसर जुन्या खुंट्या होत्या. आता नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आवाज बसला. खर्जाच्या तारेवर घरघर यायला लागली. गुरुजी परगावी होते, दहा दिवसांवर कार्यक्रम होता, म्हणून मी मुंबईतल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. मालकाने दोन बोटांनी वाद्य ठोकून पाहिलं आणि निदान केलं, “दादा, आवाज बंद झालाय. एबनीच्या खुंट्या, एबनीचा टेलपीस, जर्मन ब्रिज, इम्पोर्टेड तारा टाकू. वर जवारी काढून देतो, आवाज उघडेल.”

(एबनी म्हणजे काळं, टणक लाकूड. ब्रिज म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी, आणि टेलपीस म्हणजे तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी.) तिथेच मला उठायला हवं होतं. जवारी तंबोऱ्याची असते. त्याची घोडी रुंद, तार तिच्या पाठीवर हलकेच घासत जाते, मध्ये सूत घालून तो झंकार जुळवतात. व्हायोलिनच्या ब्रिजची वरची कड दीड मिलिमीटरही जाड नसते आणि तिथून तार स्वच्छ सुटावी लागते. तिथे जवारी लागली तर तो दोष! पण ‘जवारी’ म्हटलं की आपल्या माणसाला वाटतं, समोरचा जाणकार आहे.

संध्याकाळी गेलो तेव्हा चारही जुन्या तारा काउंटरवर गुंडाळून पडल्या होत्या. खुंट्या काळ्याभोर, चकचकीत. मालकाने स्वतः वरच्या दोन तारांवर गज फिरवला, आणि आवाज खरंच लखलखीत आला. मीही वाजवलं. खर्ज तपासायचं सुचलं नाही. बिलावर दोनच शब्द होते, ‘कम्प्लीट सेटअप’.

लखलखाट चार दिवस टिकला. कोऱ्या तारा कुठल्याही वाद्यावर काही दिवस उजळच वाजतात. मग आवाज चोंदला. घरघर परत आली (खरं तर गेलीच नव्हती). घामेजल्या बोटांना खुंटीचा काळा रंग लागू लागला.

गुरुजी आल्यावर त्यांनी मला एका जुन्या कारागीर काकांकडे पाठवलं. त्यांनी आधी खुंटीतल्या तारेच्या भोकात टॉर्च मारला. आत लाकूड पांढरं! साध्या लाकडाला काळा रंग दिलेला. त्याने आवाजाचं फारसं बिघडत नाही, काका म्हणाले. खुंटी मऊ असली की झिजते, सरकते, सूर धरत नाही एवढंच. बिघडवलं होतं ते बाकीच्या सामानाने.

ब्रिज कारखान्यातून आला तसाच उभा केला होता. पाय व्हायोलिनच्या पोटाच्या गोलाईला घासून बसवलेले नव्हते, खालून कागद आरपार जात होता. वरची कड तर दुप्पट जाड. जास्तीचं लाकूड काय करतं हे काकांनी कपड्याचा लाकडी चिमटा ब्रिजला लावून ऐकवलं. आवाज जणू शेजारच्या खोलीत गेला. आवाज दाबायला ब्रिजवर म्यूट बसवतात, त्याचं तत्त्व तेच, वजन वाढवा की कंप दबतो. टेलपीसलाही चार लोखंडी फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक जुळवायचे स्क्रू, जोडले होते. त्यांनी वजन वाढवलं आणि ब्रिजमागचा तारेचा भाग आखूडही केला. तो साधारण ५५ मिलिमीटर हवा, माझा ४५ भरला.

सगळ्यात वाईट निघाला साउंडपोस्ट. आतली ही स्प्रूसची कांडी पेन्सिलीएवढी बारीक असते, ब्रिजच्या पातळ तारेकडच्या पायाच्या किंचित मागे उभी. सरस नाही, काही नाही, दोन फळ्यांच्या मध्ये नुसती अडकवलेली. इटालियन लोक तिला ‘आत्मा’ म्हणतात. तारा एकेक करून बदलतात ते याचसाठी, कारण सगळा ताण एकदम काढला तर ती पडू शकते. काकांचा अंदाज असा की माझी पडली, आणि दुकानदाराने दुसरीच, लांब कांडी आत ठोकली. तिने वरची फळी आतून उचलून धरली होती. अजून काही महिने तशीच राहती तर तिथेच चीर गेली असती, आणि तशी चीर सांधणं म्हणजे मोठं काम.

आणि मूळ घरघर? दमट हवेत सरस मऊ पडून कडेचा सांधा बोटभर सुटला होता. काकांनी तो चिकटवला, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवला. तीनशे रुपये.

मी इतका सहज कसा फसलो यावर पुष्कळ विचार केला. खुंट्या, टेलपीस, ब्रिज, तारा सगळं एका दिवसात बदललं, त्यामुळे चांगलं कशाने झालं नि वाईट कशाने, हे कळायला जागाच उरली नाही. तारांची चमक मला एबनीच्या भावाने विकली गेली. आता मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि आठवडाभर वाजवतो. बिलावर प्रत्येक वस्तूचं नाव नि लाकूड लिहून घेतो, आणि वाद्य देण्याआधी खुंट्या, ब्रिज, टेलपीसचे फोटो काढतो. उतरवलेलं जुनं सामान त्याच दिवशी परत मागून घेतो.

ते शेवटचं मला तेव्हा सुचलं नव्हतं. महिन्याभराने मामांच्या खुंट्या मागायला गेलो, तर मालक म्हणाला, “जुना माल आम्ही ठेवत नाही, दादा. आणि आवाज तुम्हीच वाजवून पसंत केला होता की.”

केला होता.