मशीनला वारा दिसत नाही म्हणाला

डोकं रोज दुखतंय, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकायला मिळतंय, अशांसाठी हे लिहितोय. माझ्या बाबतीत हे लातूरला झालं. तुमच्या तालुक्यात पुड्या देणारी माणसं वेगळी असतील, फसवायची पद्धत हीच असणार.

मी मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी आहे. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात डोकं धरायला लागलं. ऊन लागलं असंल म्हणून सोडून दिलं. पावसाळा आला तरी थांबेना. कपाळापासून मानेपर्यंत कुणीतरी पट्टा आवळून धरलाय असं. उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही, चक्कर नाही. कामही अडत नाही, म्हणून कुणाला खरंही वाटत नाही. सोयाबीनच्या सीझनला पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, करताना एकच बेरीज तीनदा मारायची, तेवढंच.

असलं दुखणं झालं की गावभर त्याची कारणं सांगणारे उभे राहतात. आत्या म्हणली, ’93 च्या भूकंपाचा धसका आहे, आता बाहेर पडतोय. मालक म्हणले चष्मा बदला. हमाल म्हणले मोंढ्याची धूळ. घरी पित्तावर शिक्कामोर्तब झालं आणि माझा चहा बंद झाला. बोअरच्या पाण्यापासून मोबाइलपर्यंत सगळं ऐकलं. चष्म्याचा नंबर तोच निघाला, बीपी ठीक, सायनसचा एक्सरे साफ. शेवटी एमआरआय केला. त्यातही काही नाही. रिपोर्ट चांगला आला की माणूस खूश व्हायला पाहिजे ना? मला तर रडूच यायचं बाकी होतं. काहीतरी निघालं असतं तर निदान त्याला नाव असतं.

ही जी भूक आहे ना, नाव ऐकायची, तिच्यावर या पुडीवाल्या महाराजांचा धंदा चालतो. औषध नंतर विकतात. आधी कारण विकतात.

एमआरआयची फिल्म ज्या मोठ्या पिशवीत देतात ती तुम्हाला माहीत असंल. ती हातात घेऊन बाहेर टपरीवर चहा घेणारा माणूस म्हणजे यांचं गिऱ्हाईक. शेजारी साधारण तिशीतला एक जण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात तशीच पिशवी. “काय निघालं, मामा?” म्हणला. मी म्हणलं, काहीच नाही. तो लगेच म्हणला, “मग झालं! आमच्या आईचंही काहीच निघत नव्हतं. न निघणं हेच त्याचं लक्षण आहे.”

त्यानं मला काहीही विकलं नाही, हे नीट लक्षात घ्या. नंबर मागितला नाही, दिला नाही. आई सोलापूर, हैदराबाद करून कशी दमली आणि शेवटी एका वैद्य महाराजांकडं कशी बरी झाली ते सांगितलं. महाराज फोन वापरत नाहीत, जाहिरात करत नाहीत, दर गुरुवारी औशाच्या रस्त्याला एका लॉजवर बसतात. एवढं बोलून माझ्या चहाचेही पैसे देऊन गेला. माझं गाव, काम, दुखणं किती वर्षांचं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे बोलता बोलता त्यानं कधी काढून घेतलं ते कळलंसुद्धा नाही.

गुरुवारी महाराजांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि हेच सगळं मला परत सांगितलं. धुळीत बसून आकडेमोडीचं काम आहे. मान जड राहते. झोप लागते पण पुरत नाही. चिडचिड होते आणि ती घरच्यांवर निघते. बाहेर दहा-बारा जण बसलेले, त्यातले काही “अगदी बरोबर” म्हणून माना डोलवत होते. मग ते वाक्य आलं. मी पिशवीतून फिल्म काढायला लागलो तर हातानं थांबवलं आणि म्हणले, “मशीनला हाड दिसतं, पाणी दिसतं. वारा दिसतो का? तुमच्या मेंदूच्या शिरेत वारा अडकलाय.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कारण सांगितलं होतं. माझी मंडळी शेजारीच बसली होती, तिच्या डोळ्यात पाणी आलं.

तपासायची फी फक्त 200. औषध म्हणजे भस्म, आणि ते खाली उभ्या असलेल्या एका गाडीतून घ्यायचं. तिथं सोनाराकडं असतो तसा छोटा काटा. एक पोरगा बरण्यांतून चिमटी चिमटी काढून काट्यावर टाकत होता: हे इतकं, ते तितकं. लगेच खलात घालून कुटत होता. आमच्या मोंढ्यात आधी सौद्यात भाव फुटतो, मग माल काट्यावर चढतो. इथं आधी माप आणि मग भाव. भाव कळला तेव्हा सगळं एकत्र कुटून झालं होतं. एका बरणीतलं म्हणे सुवर्णभस्म होतं, त्याचा भाव ग्रॅमवर. एकूण 23,400 झाले. मी अडखळलो तर पोरगा म्हणला, “मामा, तुमच्या नाडीवर बनलंय, आता हे दुसऱ्याला चालत नाही.” मागं उभे असलेले लोक बघायला लागले. खिशात होते तेवढे रोख दिले, बाकी त्यानं दाखवलेल्या स्कॅनरवर फोनवरून मारले. पावती नाही.

पुड्या बटर पेपरच्या, घडी घालून स्टेपल मारलेल्या. आत राखाडी भुकटी आणि तिच्यात नीट बघितलं तर पांढरे बारीक कण. जिभेवर आधी वेखंडासारखा उग्र वास, मग निव्वळ कडू, गोळी पाण्यात विरघळल्यावर लागतं तसलं कडू. पेपरवर नाव नाही, तारीख नाही, काही नाही.

आणि फरक पडला. लगेच पडला, दोन-तीन दिवसांत. डोकं हलकं, अंगात जोर, भूक तर अशी की रात्री उठून भाकरी खावी. मोंढ्यात लोक म्हणायला लागले, दिवाणजी, तब्येत सुधारली तुमची. गाल भरले होते. दोघांनी माझ्याकडून पत्ता घेतला. एकाचे गुडघे दुखायचे, दुसऱ्याच्या बायकोला दमा. महाराजांनी तिघांनाही ‘वाराच’ सांगितला आणि पुड्याही तशाच राखाडी. या लोकांना जाहिरात का लागत नाही ते यावरून समजा. बरं वाटलेला पेशंट फुकटात ती करतो.

काही महिन्यांनी चेहरा भरला नाही, सुजलाय, असं पहिल्यांदा मुलगी म्हणली. तोंड गोल झालेलं, पोट पुढं आलेलं, हातपाय मात्र बारीक. खरचटलं तर काळंनिळं पडायचं. पुडी चुकली की सकाळी डोकं पहिल्यापेक्षा दुप्पट. महाराज म्हणले वारा शेवटचा जोर करतोय, मात्रा वाढवा. मात्रा वाढली तसे पैसेही. मग एका गुरुवारी लॉजची खोली बंद होती. मॅनेजर म्हणला, कोण महाराज?

पुड्या संपल्या. चौथ्या दिवशी उलट्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी, बीपी खाली. घरच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. तिथल्या फिजिशियन मॅडमनी माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पुडी कुणाची खाता?”

त्यांनी नंतर जे समजावलं ते सांगतो, कारण मुख्य तेच आहे. असल्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्या कुटून घातलेल्या असतात. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असली स्टेरॉइडं. म्हणून गुडघ्यालाही फरक, दम्यालाही फरक, डोक्यालाही फरक. आपल्या मूत्रपिंडांवर दोन ग्रंथी असतात, त्या शरीराला लागणारं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळालं की त्या बनवणं बंद करतात. मग पुडी एकदम तोडली की शरीरात दोन्ही नाही, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. सकाळी आठला रक्त घेऊन माझं कॉर्टिसॉल तपासलं, ते फार कमी आलं. साखर वाढलेली. त्यांनी डॉक्टरी मापानं स्टेरॉइडची गोळी चालू केली आणि ती हळूहळू, महिने लावून उतरवली.

डोकं दुप्पट का दुखायचं याचंही उत्तर मिळालं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. त्यासाठी बाबा-महाराजही लागत नाही, मेडिकलवरनं मागून घेतलेल्या गोळ्यांच्या पाकिटानंही होतं. मी पुडीच्या आधीपासूनच त्या वाटेवर होतो, असं मॅडम म्हणल्या.

मग मी परत तोच प्रश्न विचारला: कारण काय? त्या सरळ म्हणल्या, बहुतेक डोकेदुख्यांना फोटोत दिसणारं कारण नसतं. गाठ, रक्तस्राव, सूज यातलं काही नाही ना, ते बघायला एमआरआय. ते नाही हे कळलं, म्हणजे तपासणी वाया गेली नाही. एकाएकी, आयुष्यात कधी नव्हतं असं भयंकर दुखलं, सोबत ताप आणि मान ताठली, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, नजर गेली, किंवा पन्नाशीनंतर नव्यानंच सुरू झालं, तर मात्र घरी थांबायचं नाही. बाकी माझ्यासारख्यांना उपचार आहे, पण ‘मुळापासून’ वगैरे नाही. मला रात्री झोपताना एक छोटी गोळी चालू आहे, झोपेची वेळ ठरलेली आहे, आणि आडतीच्या डायरीतच एका कोपऱ्यात कोणत्या दिवशी दुखलं, कोणती गोळी घेतली, हे लिहितो. दुखणं गेलेलं नाही. कमी दिवस दुखतं, आणि दुखलं तरी घाबरगुंडी होत नाही.

आता तक्रारीचं. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडं महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक असतो, विचारला तर दाखवतो. खऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर कंपनीचं नाव, लायसन्स नंबर, बॅच आणि घटक छापलेले असतात. ज्या पुडीवर काहीच छापलेलं नाही ती कुठल्याही ‘पॅथी’ची नाही. उरलेल्या दोन पुड्या मी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात नेऊन दिल्या. तिथं पहिला प्रश्न, विक्रेत्याचं नाव? माझ्याकडं नाव नाही, पावती नाही, पाटी नाही. गाडीचा नंबर कुणी बघितलेला नाही. यांनी सगळं मुद्दाम असं ठेवलेलं असतं. फक्त फोनवरून मारलेल्या पैशाची नोंद होती. ज्या नावाच्या खात्यावर ते गेले ते नाव मोबाइलमध्ये दिसत होतं, आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार त्या एका नोंदीवर उभी राहिली. पुढं काय होईल ते होईल. पण कुठंही असं काही घ्यायचीच वेळ आली तर रोख देऊ नका, आणि पुडीचा, गाडीचा, माणसाचा फोटो काढा. फोटो काढू देत नसतील तर तिथूनच उठा.

माझ्याकडून पत्ता नेलेल्या दोघांपैकी गुडघेवाल्यानं वेळेवर दाखवलं. दमेवाल्या बाईंच्या घरी अजून महिनाभराच्या पुड्या आहेत. तिचा नवरा घाबरून सगळ्या नाल्यात टाकायला निघाला होता. त्याला म्हणलं, फेकू नको आणि तिच्या एकदम बंदही करू नको. पुड्यांसकट तिला घेऊन आजच मॅडमकडं जा. मी फोन करून ठेवलाय.