बर्डीवरचा ऑफिस इंग्रजीचा क्लास: मेलसाठी जा, गप्पांसाठी नको

माझ्या दोन गाड्या ताडोबा-पेंचला चालतात. नागपूर विमानतळावरून पाहुणे घ्यायचे, मोहर्लीला नाहीतर सिल्लारीला सोडायचे, सफारी झाली की परत आणायचे. बोलताना माझं इंग्रजी अडत नाही. तासन् तास गाडीत सोबत बसलेला माणूस समजून घेतोच. घोडं अडतं मेलवर. तिथं माझा चेहरा दिसत नाही, एजन्सीवाला नुसती अक्षरं वाचतो. म्हणून झाशी राणी चौकाजवळच्या या क्लासला नाव टाकलं. फी साडेसहा हजार, बॅच संध्याकाळची.

मॅडम एकदम भारी आहेत. एकच निरोप देतात आणि वेगवेगळ्या माणसांना लिहायला लावतात. मी घेतला ताडोबाचा, मंगळवारच्या सुट्टीचा. व्हॉट्सअ‍ॅपवर गप्पा मारणाऱ्या पाहुण्याला ‘पार्क्स शट ऑन ट्यूजडेज’ चालतं. एजन्सीला मात्र ‘प्लीज नोट दॅट द पार्क रिमेन्स क्लोज्ड ऑन ट्यूजडेज’. डोन्ट, कान्ट अशी जोडरूपं करारात किंवा तक्रारीच्या पत्रात नकोत, पण पाहुण्याशी बोलताना ती सोडवून म्हटली तर माणूस नोटीस वाचून राहिला असं वाटतं.

सगळ्यात कामाचं शिकलो ते पासपोर्टवरून. परदेशी पाहुण्याच्या सफारी बुकिंगला पासपोर्टचा तपशील लागतो आणि तो वेळेवर येत नाही, हे आमच्या धंद्यातलं रोजचं रडगाणं. ‘यू डिड नॉट सेंड युअर पासपोर्ट कॉपी’ हे व्याकरणानं चोख, पण थेट समोरच्याच्या अंगावर जाणारं. मॅडमनी ते ‘वुई हॅव नॉट यट रिसीव्हड युअर पासपोर्ट कॉपी’ असं करून दिलं. चूक कोणाची, ते वाक्यातून गेलंच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण यांतच अर्धं काम होतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळं मान ठेवायचा तर कुड, वुड, नॉट यट यांचाच आधार.

नावाशिवाय ‘डिअर सर’ असेल तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’, नाव घातलं असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’, ही ब्रिटिश पद्धतही सांगितली. रोजच्या मेलला ‘काइंड रिगार्ड्स’ पुरतं. त्याहून उपयोगाचं म्हणजे पहिला मेल जरा अदबीनं पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. समोरून ‘हाय’ आणि खाली ‘चीअर्स’ आलं की आपणही एक पायरी उतरायचं. न उतरणं हेही तुटकच वाटतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

बॅचमध्ये अर्धी पोरं मिहानमधल्या कंपन्यांच्या मुलाखतीवाली. एकानं एचआरला ‘हे, एनी अपडेट?’ असं लिहून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, “होणाऱ्या सासऱ्याला ‘काय बे’ म्हणशील काय?” पोरगा मुकाट्यानं खोडायला लागला.

आता कुरकुर. क्लासची छापील वही टाकाऊ आहे. ‘रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट’ आणि ‘प्लीज डू द नीडफुल’ अजून तिच्यात ठाण मांडून बसलेत. सरकारी अर्जाला खपेल, पण लंडनच्या एजन्सीला असलं लिहिलं तर कोणत्या काळातला माणूस म्हणून बघतील. मॅडम स्वतः ती पानं ओलांडून जातात, मग छापता कशाला बाप्पा?

आणि शनिवारचा बोलण्याचा तास! तो दुसरे सर घेतात. प्रत्येक वाक्याला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ जोडा म्हणतात. माझे इंग्लंडचे पाहुणे गाडीत बसल्या बसल्या नावानं हाक मारायला सांगतात, त्यांना दिवसभर ‘यस सर’ ऐकवलं तर तेच अवघडतात. वर चढायचं इथं नीट शिकवतात, खाली यायचं फक्त मॅडमच्या तासाला.

हॉटेल, ट्रॅव्हल्स, एक्सपोर्टवाल्यांनी आणि मुलाखतीवाल्यांनी जावं. अस्खलित बोलणं हवं असेल तर हे पैसे दुसरीकडे लावा. नाव टाकण्याआधी बॅच मॅडमचीच आहे ना, हे विचारून घ्या, कारण काउंटरवर आपण होऊन सांगत नाहीत. गाडी ठेवायला जागा नाही, मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरून पायी या.