लायटरच्या सॉकेटमधला व्होल्टमीटर: आठ महिन्यांनंतर

ऑगस्टात बीडमधून 280 रुपयांना घेतला. गाडी 2003 ची, पेट्रोल. त्याआधी महिनाभर सेल्फ जड फिरत होता, गल्लीतल्या पोरांनी दोनदा धक्का मारून दिला. "दादा, बॅटरी गेली," म्हणून 4,200 ची नवी बसवली. तीन आठवड्यांत पुन्हा तीच रड. मग डायनामो (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) खोलून त्यातले कार्बन बदलले. फरक शून्य, खिसा मात्र हलका.

मीटर बसवल्यावर पहिल्याच रात्री दिसलं. मांजरसुंब्याचा घाट, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, आणि आकडा 12.7 व्होल्ट. चालू गाडीत बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 हवेत. सॉकेटवर वायरिंगमुळे दोन-तीन दशांश कमी दिसतात, ते धरलं तरी हे कमीच.

मिस्त्री म्हणाले, डायनामो ठणठणीत आहे. त्यांचंही खरं होतं, कारण ते डायनामोवरच मोजत होते: 14.2. बॅटरीवर मोजलं तर 13. मधले 1.2 व्होल्ट गेले कुठं? इंजिन आणि लाइट चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक डायनामोच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावलं. 0.9! तिथं 0.2 च्या वर जायला नको. इंजिनकडून येणारी अर्थिंगची वायर वरून धडधाकट, पण लगशी (टोकाच्या धातूच्या कडीशी) कापली तर आत गंजून हिरवीगार. सेल्फचा करंटही तिच्यातूनच परततो, म्हणून तोही जड. बिचाऱ्या बॅटरीला उगाच बोल लागला. नवी वायर, दोन लग आणि पॉलिश पेपर, सगळे मिळून 150 रुपये. त्याच संध्याकाळी बॅटरीवर 14.1.

एक सांगतो, गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून डायनामो तपासायची सवय आपल्याकडं अजून आहे. कुणालाही तसं करू देऊ नका. व्होल्टेज उसळून डायनामोतला डायोड किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. माझ्याकडं एकानं पाना लावलाच होता, मी अक्षरशः हात धरला.

या मीटरला डायोड खराब झालेला कळत नाही. त्यासाठी मल्टीमीटर एसी व्होल्टेजवर ठेवून बघावं लागतं. आता एप्रिलच्या दुपारी माझा आकडा 13.5 वर येतो. पहिल्यांदा घाबरलो, पण रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा) तापला की चार्जिंग थोडं उतरवतो, संध्याकाळी आकडा परत वर जातो. बॅटरीतलं पाणी मात्र या उन्हात पंधरा दिवसांनी बघतोय. 15 च्या वर आकडा गेला तर थांबायचं, कटआउट, म्हणजे हाच रेग्युलेटर, गेलेला असतो.

तक्रारी दोनच. माझं सॉकेट चावी काढल्यावरही चालू राहतं, त्यामुळं गाडी उभी करताना उपटून ठेवावा लागतो. आणि त्याचा निळा उजेड रात्री डोळ्यात जातो, काळी टेप चिकटवलीय.