निकेल-एनटीए रेझिनची सुटी बाटली: सोलापूरच्या उन्हाळ्यात कितपत चालते?

निकेल-एनटीए रेझिन म्हणजे निकेल बसवलेले अगारोजचे बारीक मणी; फोडलेल्या पेशींच्या रसातून हवं ते प्रोटीन पकडून वेगळं करायला ते वापरतात. २५ मिलिलिटरची बाटली मागवली की हाती रेझिन येतं साडेबारा मिलिलिटर. उरलेलं निम्मं म्हणजे २० ते ३० टक्के इथेनॉलचं पाणी. लेबलवर ‘५० टक्के स्लरी’ असं स्वच्छ छापलेलं असतं, तरी पहिल्यांदा घेणारा इथेच फसतो.

हे परीक्षण एका ब्रँडचं नाही. सुटं निकेल-एनटीए अगारोज कुणाचंही घेतलं तरी वापरात फार फरक पडत नाही. खरा प्रश्न आहे तो सुटं घ्यावं की तयार भरलेली कार्ट्रिज. सोलापुरातल्या कॉलेज-विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला उत्तर सरळ आहे: सुटं घ्या. कार्ट्रिज पंपावर शोभतं, आणि पंप विजेवर चालतो. सुटं रेझिन पाच मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये, तळाला काचलोकरीचा बोळा घालून ओतलं की कॉलम तयार. थेंब गुरुत्वाकर्षणाने पडतात, लाईट गेली तरी पडतात.

काम कसं करतं ते थोडक्यात. धातूला चिकटवून प्रोटीन वेगळं करण्याची युक्ती पोराथ यांच्या गटाची, १९७५ सालची. एनटीएची (निकेल धरून ठेवणाऱ्या रेणूची) जोड रोश कंपनीतल्या होचुलींच्या गटाने १९८७ मध्ये दिली. निकेलला सहा जागा असतात. त्यातल्या चार एनटीए घट्ट धरून ठेवतं आणि दोन मोकळ्या राहतात. प्रोटीनच्या टोकाला जोडलेले सहा हिस्टिडीन (एक अमिनो आम्ल) त्या दोन जागांवर बसतात. जुन्या आयडीए रेझिनमध्ये निकेलला तीनच जागी पकड असते, म्हणून त्यातून निकेल लवकर गळतं. स्वस्त बाटली दिसली तर आत एनटीए आहे की आयडीए, हे आधी वाचावं.

उन्हाची भीती इथे उलटी निघते. पुण्याहून किंवा हैदराबादहून एप्रिल-मेमध्ये पार्सल तापून आलं तरी रेझिनला सहसा काही होत नाही. ते मरतं ते गोठल्याने. अगारोजचे मणी फुटतात, भुगा होतो आणि कॉलम तुंबतो. त्यामुळे बाटली फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये कधीच नाही, आणि पाठवणाऱ्याने जेलपॅक बाटलीला चिकटवून बांधलेला नसावा. लायसेटसाठी (फोडलेल्या पेशींच्या रसासाठी) लादी फोडून बर्फ आणला तर त्यात मीठ टाकू नये. तापमान शून्याखाली गेलं की कॉलमही गोठेल.

उन्हाळ्याचा मार रेझिनच्या आधीच्या पायऱ्यांवर पडतो. प्रोटीन बनवणारे ई. कोलाय बॅक्टेरिया वाढवायच्या साध्या शेकरला फक्त गरम करता येतं, थंड करता येत नाही. पुस्तकातलं ‘१८ अंशांवर रात्रभर इंडक्शन’ (बॅक्टेरियाला प्रोटीन बनवायला लावणं) मार्च ते जून त्याच्यावर होणारच नाही. मग ३७ अंशांवर तीन-चार तास आयपीटीजी (इंडक्शनचं रसायन) देऊन पेशी काढायच्या आणि प्रोटीन गाळात गेलं तर ८ मोलर युरियात विरघळवून त्याच रेझिनवर चढवायचं. प्रोटीनची घडी मोडणारे युरिया आणि ६ मोलर ग्वानिडिन, दोन्ही रेझिन सोसतं. ही त्याची मोठी जमेची बाजू. प्रोटीन नंतर पुन्हा नीट घडी घेईल की नाही, तो वेगळा प्रश्न. युरिया मात्र ताजा हवा आणि तो विरघळवायला हॉटप्लेट लावू नये. गरम युरियातून सायनेट तयार होतं आणि ते प्रोटीनला चिकटतं.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ट्रिसचा असेल तर पीएच कुठल्या तापमानाला लावला ते बघा. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने बदलतो. ३८ अंशांच्या खोलीत ८ ला लावलेला बफर ४ अंशांच्या फ्रीजमध्ये जवळपास ९ होतो. यापेक्षा फॉस्फेट बरा: ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, ३०० मिलिमोलर मीठ, पीएच ८. पण त्याला नळाचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम फॉस्फेटशी मिळून गढूळपणा येतो आणि तो थेट काचलोकरीवर बसतो. डिस्टिल्ड पाणीच घ्या. पाणी रोज येत नाही अशा शहरात ते पाणी आल्याच्या दिवशीच जास्तीचं काढून ठेवलेलं असेल तर काम अडत नाही.

पीएमएसएफ (प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स, म्हणजे प्रोटीएज, थांबवणारं रसायन) आधीच बफरमध्ये घालून ठेवण्यात अर्थ नाही. पीएच ८ ला, २५ अंशांवर, ते सुमारे ३५ मिनिटांत निम्मं होतं. इथल्या दुपारी त्याहून लवकर. पेशी फोडायच्या क्षणी १ मिलिमोलर घाला. तयार प्रोटीएज-रोधक गोळी घेताना ‘ईडीटीए-विरहित’ लिहिलेलंच पाहून घ्या. ईडीटीए निकेल ओढून घेतं आणि कॉलम रिकामा होतो.

आता प्रत्यक्ष काम. लायसिस (पेशी फोडायच्या) बफरमध्ये १० मिलिमोलर इमिडॅझोल (हिस्टिडीनच्या जागी निकेलवर बसून प्रोटीन सोडवणारं रसायन), लायसोझाइम (पेशीची भिंत फोडणारं एन्झाइम) मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, बर्फावर अर्धा तास. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पेशी फोडणं) १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असं सहा वेळा. द्रव चिकट लागला तर डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घाला. मग सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर वीस-तीस मिनिटं. सेंट्रिफ्यूजवर फक्त फेरे लिहिलेले असतात, तेव्हा ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला ते मिनिटाला सुमारे १०,६०० फेरे होतात. वरचं स्वच्छ पाणी १ मिलिलिटर रेझिनसोबत ४ अंशांवर तासभर हलवा आणि कॉलममध्ये ओता. २० मिलिमोलर इमिडॅझोलने दोनदा धुवा, २५० मिलिमोलरने अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे चार भाग काढा. माल बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या भागात असतो. इमिडॅझोल विरघळल्यावर पीएच चढतो, तो आम्लाने पुन्हा ८ ला आणावा लागतो. हे विसरलं जातं.

जास्त रेझिन टाकलं की जास्त शुद्ध प्रोटीन मिळेल, हा सर्वांत महागडा गैरसमज. मोकळ्या राहिलेल्या निकेलवर ई. कोलायची स्वतःची हिस्टिडीनवाली प्रोटीन्स येऊन बसतात. जेलवर (प्रोटीन्स आकारानुसार वेगळी दाखवणाऱ्या) २५ किलोडाल्टनजवळ स्लायडी, ७४ जवळ आर्नए. लेबलवर काही ब्रँड मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत क्षमता सांगतात. ते आदर्श प्रोटीनचं गणित आहे, हिशेब ५ ते १० मिलिग्रॅमने करावा. आणि १४ किलोडाल्टनची पट्टी दिसली तर घाबरू नका, ती लायसोझाइमची.

प्रोटीन फ्लो-थ्रूमध्येच (न चिकटता वाहून गेलेल्या द्रवात) निघून गेलं तर प्रत्येक टप्प्याचा थेंब १२ टक्के जेलवर चालवून बघावा. सहा हिस्टिडीनची शेपूट प्रोटीनच्या घडीत दडलेली असते तेव्हाही असंच होतं. युरियात तेच प्रोटीन चिकटलं तर संशय पक्का. प्रोटीन किती ते मोजताना २८० नॅनोमीटरला इमिडॅझोलही थोडं शोषण दाखवतं, म्हणून ब्लँक एल्युशन बफरचाच (२५० मिलिमोलर इमिडॅझोलवाल्या) हवा. प्रोटीन मोजायची बीसीए चाचणी इथे नको, ब्रॅडफर्ड लावा.

या मालाचा सर्वांत आवडणारा गुण म्हणजे तो रंगाने बोलतो. निळसर असेल तोवर ठीक. पांढरा पडला की निकेल गेलं, तपकिरी झाला की कुणीतरी डीटीटी (प्रोटीनमधले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) घातलं. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल १० मिलिमोलरपर्यंत चालतं, डीटीटी टाळा.

एकाच प्रोटीनसाठी चार-पाच वेळा वापरायला हरकत नाही. मधे अर्ध्या मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने अर्धा तास धुऊन इथेनॉलमध्ये ठेवायचं. पांढरं पडलेलं फेकू नका: १०० मिलिमोलर ईडीटीए, मग भरपूर पाणी, मग १०० मिलिमोलर निकेल सल्फेट, पुन्हा पाणी. मधलं पाणी आखडतं घेतलं तर उरलेलं ईडीटीए नवं निकेलही गिळतं. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रोटीनसाठी मात्र तोच कॉलम देऊ नये, पहिल्याचा अंश पुढच्या जेलवर हमखास उगवतो.

कमतरता दोन. एका कॉलममध्ये स्फटिकीकरणाच्या दर्जाची शुद्धता मिळत नाही. तसं हवं असेल तर कोबाल्टचं रेझिन बघावं, त्यावर माल कमी चिकटतो पण स्वच्छ निघतो. दुसरी म्हणजे निकेलची घाण. निळं-हिरवं पाणी बेसिनमध्ये सोडायचं नाही, झाकणाच्या कॅनमध्ये नाव-तारीख लिहून साठवायचं, आणि हातमोजे पूर्ण वेळ. निकेलची ॲलर्जी एकदा लागली की सुटत नाही.